दुखतंय किती, ते पेशंट ठरवणार!

रात्रीचे पावणेबारा. लिजन स्क्वेअरच्या कोपऱ्यावर ॲम्ब्युलन्स लावून मी बसलेय. पुढच्या गल्लीत दोन जण आडवे पडलेत. त्यातला एक ‘डॉक्टर, डॉक्टर’ म्हणून जिवाच्या आकांताने ओरडतोय. आणि मी काय करतेय? शांतपणे मॅगी खातेय.

‘‘अगं, तो बिचारा एवढा ओरडतोय, जा ना!’’ मागून आईचा आवाज.

‘‘आई, अजून गोळीबार चालू आहे. पोलिसांनी क्लिअर दिल्याशिवाय आत जायचं नसतं.’’

‘‘कसले गं तुम्ही डॉक्टर!’’ असं म्हणून आई पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली.

घाबरू नका. लिजन स्क्वेअर कोथरूडमध्ये नाही. ते लॉस सॅन्टोसमध्ये आहे, म्हणजे ‘ग्रँड थेफ्ट ऑटो फाइव्ह’ या गेममधल्या, लॉस एंजेलिसवर बेतलेल्या शहरात. हा गेम आला २०१३ मध्ये. कॉम्प्युटरवर आला २०१५ मध्ये. आणि मग काही डोकेबाज पब्लिकने ‘फाइव्हएम’ नावाचा जुगाड काढला. त्यामुळे कुणीही आपला स्वतंत्र सर्व्हर उघडू शकतो, स्वतःचे नियम लावू शकतो. हा जुगाड इतका चालला की २०२३ मध्ये गेम बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने ती अख्खी टीमच आपल्या घरात घेतली.

या सर्व्हर्सवर मारामारीपेक्षा नाटक जास्त चालतं. रोलप्ले. एक माणूस, एक पात्र. कुणी पोलिस, कुणी मेकॅनिक, कुणी टॅक्सीवाला, कुणी गँगस्टर. हेडफोन लावायचा, माइक चालू करायचा आणि त्या पात्राच्या आवाजात बोलायचं. स्क्रिप्ट नाही, रिटेक नाही. दिवसभर एक्सेल शीटमध्ये मान घातलेली माणसं रात्री दहानंतर इथे चक्क दुसरं आयुष्य जगतात.

मला यात ओढलं माझ्या मावसभावाने. तो दिवसा हिंजवडीत कोडिंग करतो, रात्री लॉस सॅन्टोसमध्ये इन्स्पेक्टर असतो. मला नेम धरता येत नाही आणि गाडी तर मी खांबावरच घालते. मग उरलं काय? ‘‘ताई, तू डॉक्टर हो,’’ तो म्हणाला. मला हसू आलं. बारावीला मार्क कमी पडले म्हणून मासकॉमला गेलेली मी, एकदम डॉक्टर! तेही सीईटी न देता. सहीच की!

सीईटी होतीच!

इथेच माझा पहिला पोपट झाला. डॉक्टर व्हायला परीक्षा होती. चौदा पानांचं नियमांचं पुस्तक, दोन तासांचं ट्रेनिंग आणि शेवटी तोंडी परीक्षा. घेणारी आमची चीफ. ती खऱ्या आयुष्यात नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेममध्येही तितकीच कडक.

‘‘तुझ्यासमोर दोघं पडलेत. एक पोलिस, एक बँक लुटून पळालेला चोर. आधी कुणाला बघशील?’’

‘‘पोलिसाला,’’ मी म्हणाले. ऑब्व्हियस!

‘‘नापास.’’

बरोबर उत्तर होतं : ज्याला जास्त लागलंय त्याला. तो कोण आहे, त्याने काय केलंय हा माझा प्रश्नच नाही. माझ्या हातात बंदूक नाही, मी कुणाच्या बाजूची नाही. गोळीबार चालू असताना मध्ये घुसून आपल्या ओळखीच्या गँगवाल्याला उभं करायचं नाही, कारण मग मी डॉक्टर उरत नाही, त्यांची एक्स्ट्रा लाइफ होते. म्हणून आधी सीन सेफ होऊ द्यायचा. आणि या बदल्यात बाकीच्यांनीही एक नियम पाळायचा : डॉक्टरवर गोळी झाडायची नाही, डॉक्टरला ओलीस धरायचं नाही. सर्व्हरनुसार बारीकसारीक फरक असतात, पण हा फंडा जवळपास सगळीकडे सारखा.

मला तेव्हा वाटलं, एका गेमसाठी किती हा सीरियसनेस! पण मग पत्रकाराची खाज सुटली आणि मी जरा शोधाशोध केली. आपल्या सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात जवळजवळ हेच सांगितलंय. एका स्कूटरवाल्याला गाडीने उडवलं होतं. जवळच्या हॉस्पिटलने ‘ही पोलिस केस आहे, दुसरीकडे न्या’ म्हणून परत पाठवलं आणि दुसऱ्या, लांबच्या हॉस्पिटलला पोचण्याआधीच तो गेला. त्यावर कोर्ट म्हणालं, जखमी माणूस निरपराध असो की गुन्हेगार, आधी जीव वाचवा, कागदपत्रं नंतर.

आणि गंमत म्हणजे हे प्रकरण उलटंही गेलंय, म्हणजे खऱ्या जगातून गेममध्ये. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने २०२३ मध्ये गेमर्ससाठी एक मोहीम काढली. युद्धाचे नियम गेममध्येही पाळून बघा, असं आवाहन. त्यात एक नियम होता, खाली पडलेल्या शत्रूवर पुन्हा गोळ्या झाडायच्या नाहीत. दुसरा, तुमच्याकडे औषधांची पेटी असेल तर ती गरज असलेल्या प्रत्येकाला द्यायची, आपला असो वा समोरच्या टीमचा. चीफच्या तोंडी परीक्षेतला प्रश्न, अगदी तोच.

रेडक्रॉसवरून आठवलं. आमच्या ॲम्ब्युलन्सचं नवं डिझाइन करणाऱ्या मुलाने दारावर मस्त लाल क्रॉस काढला होता. चीफने तो काढायला लावला. ते चिन्ह कुणीही वापरायचं नसतं. आपल्याकडे १९६० च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन्स ॲक्टनुसार परवानगीशिवाय ते वापरायला बंदी आहे. कॅनडाच्या रेडक्रॉसने तर २००६ मध्येच गेम बनवणाऱ्यांना ‘आमचं चिन्ह वापरू नका’ म्हणून कळवलं होतं. तो मुलगा म्हणाला, ‘‘एवढं कोण बघतंय?’’ चीफ म्हणाली, ‘‘मी.’’ विषय संपला.

मी, मी आणि मी

पण खरी विकेट पडली ती ‘स्लॅश मी’वर.

सांगते. गेममध्ये तुमचं पात्र चालतं, पळतं, गाडी चालवतं. पण नाडी बघणं, जखम धुणं, टाके घालणं हे सगळं बटण दाबून नीट दाखवता येत नाही. म्हणून ते लिहायचं. त्यासाठी दोन कमांड असतात. पहिली स्लॅश मी. म्हणजे माझं पात्र काय करतंय. ‘मनगट धरून नाडी बघते.’ दुसरी स्लॅश डू. म्हणजे आजूबाजूला काय दिसतंय, जाणवतंय, किंवा मग सरळ प्रश्न. ‘नाडी लागतेय का?’

आणि या प्रश्नाचं उत्तर पेशंटने द्यायचं. डॉक्टरने नाही!

माझा पहिला पेशंट व्हाइनवूडच्या टेकडीवरून बाइकसकट खाली आलेला. पिलबॉक्स हिल हॉस्पिटलमध्ये स्ट्रेचरवर. मी भलत्याच उत्साहात. धडाधड टाइप केलं, ‘पाय तपासते. हाड दोन ठिकाणी मोडलंय. प्लास्टर घालते. पेशंटला बरं वाटतं.’ ओळ पाठवली आणि स्वतःवरच खूश झाले. टीव्हीवरच्या मेडिकल सीरियल्स काय उगाच बघितल्या?

पलीकडे शांतता. मग तो मुलगा पात्राबाहेर येऊन म्हणाला, ‘‘मॅडम, माझा पाय ठीक आहे हो. मी खांद्याला लागलंय असं करणार होतो.’’

याला म्हणतात पॉवरगेमिंग. समोरच्याच्या वाट्याचं आपणच ठरवून टाकायचं. त्याला कुठे लागलं, किती दुखतंय, उपचाराने बरं वाटलं की नाही, सगळं मीच. रोलप्लेच्या दुनियेत हा मोठा गुन्हा आहे. गोळी घालण्यापेक्षा मोठा, कारण गोळी निदान चुकवता तरी येते.

चीफने मला बाजूला घेतलं. ‘‘हे बघ, तू डॉक्टर आहेस, लेखक नाहीस. त्याचं शरीर त्याचं आहे. तू हात पुढे करू शकतेस, बस. पुढचं वाक्य त्याचं.’’

‘‘पण तो चुकीचं काही बोलला तर? छातीत गोळी आणि म्हणाला सर्दी झालीय?’’

‘‘तर परत विचार. वेगळ्या पद्धतीने विचार. पण विचार.’’

स्लॅश मी. मराठीत वाचलं तर किती बरोबर आहे ना नाव! सगळं मी, मी, मी.

मग मी विचारायला शिकले. आणि काय सांगू, खेळच बदलला. ‘शर्टाची बाही वर करते. काय दिसतं?’ एवढंच लिहिलं की समोरून गोष्टी यायला लागल्या. एक टॅक्सीवाला म्हणाला, जुना भाजल्याचा डाग दिसतो. मग त्याची पंधरा मिनिटं कहाणी. एक गँगस्टर म्हणाला, हात थरथरतोय, पण गोळी लागलीय म्हणून नाही. पहिल्यांदा कुणावर गोळी झाडलीय म्हणून. रात्री दीड वाजता मी त्या अनोळखी आवाजाशेजारी अर्धा तास नुसती बसून होते. औषध काहीच दिलं नाही. बिल मात्र लावलं, नियम म्हणजे नियम!

तोंडाला कुलूप

आता जरा लाज वाटणारी गोष्ट. सांगू की नको असं झालं होतं, पण सांगते.

नियमांच्या पुस्तकात गुपिताचं एक अख्खं पान होतं. हॉस्पिटलमध्ये कोण आलं, काय होऊन आलं, शुद्ध हरपताना काय बरळलं, ते हॉस्पिटलच्या दाराबाहेर जाणार नाही. खऱ्या डॉक्टरांनाही हे आहेच. त्यांच्या २००२ च्या आचारसंहितेत पेशंटची गुपितं फोडू नयेत असं लिहिलंय. कोर्टाचा आदेश, दुसऱ्या कुणाला किंवा समाजाला गंभीर धोका, कळवायलाच हवेत असे आजार, असे अपवाद सोडून. अर्थात खऱ्या जगात गोळी लागलेला माणूस आला तर हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, ती मेडिको-लीगल केस असते. आमच्या सर्व्हरवर ती सूट नाही. कारण सोपं आहे. डॉक्टर पोलिसांना फोन करतात असं एकदा झालं की एकही गँगवाला हॉस्पिटलची पायरी चढणार नाही.

एका शनिवारी फ्लीका बँकेवर दरोडा पडला. रात्री एकजण दंडात गोळी घेऊन आला. उपचार करताना त्याने गाडी कुठे लपवलीय ते बोलून गेला. मी गप्प. पात्र म्हणून एकदम प्रोफेशनल.

दुसऱ्या दिवशी मावशीकडे जेवायला गेलो होतो. श्रीखंड-पुरीचा बेत. मावसभाऊ म्हणाला, ‘‘ताई, काल आमचा नुसता धुरळा उडाला. गाडीच सापडेना.’’

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘अरे, सॅन्डी शोअर्सला बघितलंत का?’’

एवढंच. एक वाक्य, तेही ताटावर बसून. त्या रात्री पोलिसांनी सॅन्डी शोअर्सला छापा टाकला. गाडी, पैसे, सगळं जप्त. त्या गँगमधल्या पाच जणांची तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात. पात्राला जे माहीत असायलाच नको, ते बाहेरून कळवून गेममध्ये वापरणं म्हणजे मेटागेमिंग. इन्स्पेक्टरची ड्युटी गेली, माझी एका आठवड्यासाठी नोकरी गेली आणि गाडी परत केली गेली.

शिक्षेचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते नंतरच्या महिन्याभराचं. मी हॉस्पिटलमध्ये असले की ते पाचजण यायचेच नाहीत. एकदा त्यातलाच एक रस्त्यावर पडलेला. मी पोचले. ‘कुठे लागलंय?’ असं विचारलं. उत्तर आलं, ‘सांगायचं नाही.’ त्याने मला हात लावू दिला नाही. दुसरा डॉक्टर येईपर्यंत तो तसाच पडून राहिला आणि मी शेजारी उभी. खोटं रक्त, खोटा रस्ता. पण माझ्यावर त्याचा भरवसा नाही, हे काही खोटं नव्हतं.

बाथरूम, मनगट आणि आई

पावसाळ्यात आई बाथरूममध्ये घसरून पडली. उजवं मनगट टम्म सुजलेलं. मी रिक्षा करून तिला हॉस्पिटलला नेलं. वाटेत दादाला फोन, बाबांना फोन, मावशीला फोन. एकदम इमर्जन्सी मोड ऑन!

डॉक्टरांनी विचारलं, ‘‘काय झालं काकू?’’

‘‘बाथरूममध्ये पाय घसरला,’’ मी.

‘‘कशावर पडलात?’’

‘‘उजव्या हातावर,’’ मी.

‘‘दुखतंय किती?’’

‘‘खूप दुखतंय, ती दाखवत नाही,’’ मी.

‘‘याआधी कधी पडला होतात? चक्कर वगैरे?’’

‘‘नाही, नाही, तसं काही नाही,’’ मीच.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघून हसत म्हणाले, ‘‘तुम्ही जरा थांबता का? काकूंना सांगू दे.’’

ते अजिबात रागावले नव्हते. पण मला एकदम तो बाइकवाला आठवला. ‘मॅडम, माझा पाय ठीक आहे हो.’ लॉस सॅन्टोसमधल्या कुठल्याही चोराला मी विचारल्याशिवाय हात लावत नाही. आणि सख्ख्या आईची सगळी उत्तरं मीच देत होते! दोन वर्षं. बँकेत, दुकानात, हॉटेलात. ‘आईला तिखट चालत नाही.’ ‘आईला एवढं चालवत नाही.’ प्रेमानेच हो. पण तिचं वाक्य माझं कसं?

आई थोडा वेळ गप्प बसली. मग माझ्याकडे न बघता डॉक्टरांना म्हणाली, ‘‘पाय घसरला नाही. चक्कर आली. दोन महिने येतेय, सकाळी उठल्या उठल्या.’’

दोन महिने! मी शेजारच्याच खोलीत झोपते.

डॉक्टरांनी आडवं झोपवून बीपी बघितलं, मग उभं करून बघितलं. उभं राहिल्यावर बरंच खाली येत होतं. मनगटाला प्लास्टर घातलं आणि बीपीच्या गोळीसाठी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना लगेच भेटायला सांगितलं. त्यांनी डोस कमी केला.

रिक्षात मी विचारलं, ‘‘मला का नाही सांगितलंस?’’

‘‘तुला सांगितलं की दादाला कळतं. दादाला कळलं की तो रात्री अमेरिकेतून फोन करून बाबांना ओरडतो. मग बाबा मला एकटीला भाजी आणायलासुद्धा सोडत नाहीत. भाजी आणायला जायला मला आवडतं गं.’’

तिच्या बाजूने बघितलं तर आमच्या घरात सगळी माहिती सॅन्डी शोअर्ससारखीच फुटत होती. आणि फोडणारी मी.

दादाला सांगायचं की नाही यावर आम्ही बाजीराव रोडपासून घरापर्यंत भांडलो. गेममध्ये सोपं असतं, गुपित म्हणजे गुपित. पण आई एकटी असताना पुन्हा पडली तर? शेवटी असं ठरलं : डॉक्टरांपासून काही लपवायचं नाही, ते तिने स्वतः सांगायचं. बाबांनाही तीच सांगेल. दादाला कधी आणि किती, ते ती ठरवेल. मी फोनवर फक्त ‘आईला विचार’ एवढंच म्हणायचं. आणि बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायचा, यावर चर्चा नाही.

जमतंय का? आठवड्यातून तीनदा तरी जीभ चावते. सवय वाईट. परवा दादाने विचारलं, ‘‘आई बरी आहे ना?’’ तोंडातून ‘हो’ निघालंच होतं. गिळलं आणि फोन आईकडे दिला. ती पाऊण तास बोलली. चक्करचं सांगितलं की नाही, मी विचारलं नाही.

हल्ली आई रात्री माझ्या मागे खुर्ची टाकून बसते. प्लास्टर निघालंय, आता फिजिओचा स्पंजचा बॉल दाबत असते. काल सीन सेफ झाल्यावर मी आत गेले, तर रस्त्यावर त्या पाचजणांपैकीच एक. तोच, ज्याने हात लावू दिला नव्हता. मी पेटी उघडली आणि टाइप करायला लागले, ‘दंडाची जखम तपासते...’

‘‘अगं,’’ आई मागून म्हणाली, ‘‘आधी विचार त्याला.’’

मी ओळ खोडली. विचारलं, ‘कुठे दुखतंय?’

बराच वेळ काही आलं नाही. आईच्या हातातला बॉलही थांबला. मग खाली अक्षरं उमटली, ‘खांद्याला. पण हळू हं, डॉक्टर.’